चार बोटांची जमीन

माझ्या बहिणीची अट साधी होती. एस.टी.च्या मोडीत काढलेल्या गाडीत ती अनवाणी उभी राहणार, तिथंच उभ्या उभ्या एक कप चहा पिणार, आणि चहा संपेपर्यंत पाय गार पडले नाहीत तर नवऱ्यासोबत तिथं संसार करणार. पाय गार पडले तर मात्र कायमची माझ्याकडं राहणार. यातलं पहिलं व्हावं म्हणून मी देव पाण्यात घालून बसलो होतो. खोटं कशाला सांगू?

ही बहीण म्हणजे आक्का, तानाबाई, माझ्याहून नऊ वर्षांनी थोरली. तिचा नवरा हंबीरराव, आमचे दाजी. बत्तीस वर्षं एस.टी.त ड्रायव्हर होते आणि शेवटची अकरा वर्षं एकाच गाडीवर, कोल्हापूर-नेसरी. नेसरी हे आमचं गाव, आक्काचं माहेर. गाडी मुक्कामाची. संध्याकाळी निघायची, नेसरीत झोपायची, दुसऱ्या दिवशी परत यायची. म्हणजे नवरा रोज बायकोच्या माहेरी मुक्कामाला, आणि बायको कोल्हापुरात डेपोसमोरच्या भाड्याच्या खोलीत एकटी. स्वतः आक्का माहेरी जायची ती वर्षातनं एकदा, नागपंचमीला.

कंडक्टरनं दोरी दोनदा ओढली की गाडी निघते आणि एकदा ओढली की थांबते, हे आपल्याकडं सगळ्यांनाच ठाऊक आहे. आक्कानं खोलीत चूल फुंकत अकरा वर्षं रोज संध्याकाळी दाजींच्या गाडीची डबल बेल ऐकली. "माज्या वाट्याला सदा दोनच," असं ती म्हणायची, "ह्येंच्या गाडीची येकच घंटा वाजल्याली काय मी ऐकली न्हाय." आम्ही हसायचो. ती मात्र हसायची नाही, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं.

अठ्ठ्याहत्तर साली दाजी रिटायर झाले. त्याच महिन्यात मालकानं खोली मागितली. उचगावला दाजींनी दोन गुंठे घेऊन ठेवले होते, तिथं घर बांधायचं ठरलं. विटा बघायला म्हणून घरातून निघालेला हा माणूस मोडीत काढलेल्या गाड्यांचा लिलाव बघायला गेला आणि आपलीच गाडी घेऊन परत आला. इंजिन काढलेलं, चाकं काढलेली, नुसतं धूड. ते ओढत उचगावला आणून आठ घडीव दगडांवर ठेवलं. बाकडी उपटली, पण ड्रायव्हरची सीट, स्टिअरिंग आणि घंटेची दोरी यांना हात लावू दिला नाही. मग दाजींनी बायकोला दाखवायला आणलं.

आक्का खालूनच म्हणाली, "अकरा वरसं ही सवत रोज ह्यास्नी घिऊन जात हुती. आता मी तिच्या पोटात जाऊन ऱ्हाऊ व्हय?"

तरी राहिली बिचारी. चार दिवस. थंडीचे दिवस, गाडी दगडांवर अधांतरी, खालून शेतातला वारा आणि पायाखाली उघडा पत्रा. आक्काच्या टाचांना आधीच भेगा. पाचव्या दिवशी सकाळी ती ट्रंक घेऊन मंगळवार पेठेत माझ्या दारात उभी राहिली आणि वर लिहिलेली अट तिनं तिथंच उंबऱ्यावर सांगितली.

माझ्या घरात दोन खोल्या. त्यात मी, माझी बायको शालू आणि आता आक्का. पहिल्या दिवशी आम्ही भावंडं लहानपणच्या आठवणी काढून रडलो. तिसऱ्या दिवशी आक्कानं चटणीची बरणी आपल्या ताब्यात घेतली. सातव्या दिवशी तिनं शालूच्या रश्श्याला "पाणी" म्हटलं, तेही रस्सा ओरपणाऱ्या पाहुण्यांसमोर. त्या दुपारी शालू मला म्हणाली, "वन्सं मनानं लई चांगल्या हायत. पण त्या माज्या चुलीम्होरं हायत. काय तरी करा." शालू एरवी मला कधी काही करा म्हणत नाही. मला काही येत नाही, अशी तिची पक्की समजूत आहे.

इथं मी शाळेत विज्ञान शिकवतो हे सांगायला हवं. उष्णतेचं वहन हा धडा मी वीस वर्षं शिकवत आलोय. तेव्हा मी उचगावला गेलो, पत्र्यावर हात ठेवला आणि दाजींना म्हणालो, "दाजी, हा पत्रा सुवाहक आहे. आपल्याला दुर्वाहक पाहिजे. पत्र्यावर लाकडी रिपा ठोकायच्या, रिपांच्या मधले खण एखाद्या पोकळ वस्तूनं भरायचे, वरनं फळ्या मारायच्या. खण भरलेले असले की पाय आणि पत्रा यांची भेटच होत नाही."

दाजींनी मान डोलावली. त्यांना त्यातलं एवढंच कळलं की आक्का येणार. "काय भरायचं, तेवडं सांगा मास्तर."

मी प्रयोग केला. शाळेच्या कपाटात उसाचं चिपाड पडलं होतं, चरकातून पिळून निघालेला चोथा. मागच्या वर्षी मुलांनी प्रदर्शनात गुऱ्हाळ मांडलं होतं, त्यातलं उरलेलं. ते डब्यात भरलं, आत बर्फ ठेवला, थर्मामीटर लावला. मधल्या सुट्टीपर्यंत बर्फ तसाच्या तसा. मी टीचर्स रूममध्ये जाहीर केलं की चिपाड हे कोल्हापूरला मिळालेलं वरदान आहे आणि आपण त्याला चुलवाणात जाळतो, ही आपली अक्कल.

सुताराचं काम गुंडूकडं दिलं. गुंडू सुतार कमी बोलतो, आणि समोरचा जास्त बोलायला लागला की कामच थांबवतो. मी त्याला उष्णता-संक्रमणाचे तीन प्रकार सांगत होतो तेव्हा त्यानं रंधा खाली ठेवला.

"मास्तर, तुमी खडू धरा, मी पटाशी धरतो," तो म्हणाला. "येक सांगा. जाडी किती?"

"चार बोटं. त्याहून कमी नको."

गुंडूनं एकदा छताकडं बघितलं, एकदा दाजींकडं. दाजी सहा फूट उंच. गाडीत उभ्यानं जाणाऱ्यांनी धरायचा तो लोखंडी दांडा आत्ताच त्यांच्या टोपीला लागत होता. "चार बोटं खालनं वर आली," गुंडू म्हणाला, "की डोसकं चार बोटं वर जाणार. पावणं, बघा बाबा."

"माजं डोसकं माजं मी बगतो," दाजी म्हणाले. "तिचं पाय तू बग."

काम सुरू झालं. पत्र्याला डांबर फासलं, हातहात अंतरावर रिपा बसल्या, पार ड्रायव्हरच्या सीटपर्यंत. बुधवारी चिपाड आलं. दाजींच्या दोस्ताचं गुऱ्हाळ जवळच होतं, तिथून त्यांनी गाडाभर उचललं. सकाळी चरकातून निघालेलं, दुपारी उचगावात. गुंडूनं मूठभर हातात घेऊन पिळलं आणि माझ्याकडं बघितलं.

"वल्लं हाय."

ओलं होतं. मला दिसत होतं. कपाटातलं चिपाड वर्षभर वाळलेलं होतं आणि हे ताजं, हेही मला कळत होतं. पण आक्काला रविवार दिला होता. आदल्याच दिवशी तिनं शालूच्या हातातलं लाटणं काढून घेतलं होतं. मी म्हणालो, "आत गेल्यावर वाळेल."

वीस वर्षं विज्ञान शिकवणाऱ्या माणसानं हे वाक्य म्हटलं. त्याची लाज मला अजून वाटते.

आणि भरणं तरी कसं? मी शंभरदा सांगितलं की अलगद भरा, मध्ये हवा राहू द्या, खरं काम ती हवाच करते. पण खण भरणारा माणूस बत्तीस वर्षं एस.टी. चालवलेला. रिकामी जागा दिसली की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. "हाय की जागा! सरका आत! अजून धा मान्सं बसत्यात!" असं म्हणत दाजी चिपाड तुडवत होते. बाजाराच्या दिवशी गाडी भरावी तसा त्यांनी एकेक खण गच्च भरला. गुंडूनं गुडघा दाबून फळ्या ठोकल्या. टाचणी जाईल एवढी फट राहिली नाही.

रविवारी सकाळी मी, शालू आणि आक्का उचगावला पोचलो. दाजी दाढी करून, धुतलेली टोपी घालून दारात उभे. आक्कानं चपला खाली काढल्या आणि पायरी चढून फळ्यांवर उभी राहिली. तिच्या स्वागताला पुढं आलेल्या दाजींचं कपाळ दांड्यावर खाडकन आपटलं. कपाळावर आधीचीही दोन टेंगळं होती. शालूनं स्टोव्हवर चहा केला आणि कप आक्काच्या हातात दिला.

आक्का एक घोट घ्यायची आणि थांबायची. दाजी तिच्या पायांकडं बघत होते, मी थर्मामीटरकडं आणि शालू माझ्याकडं. अर्धा कप झाल्यावर आक्कानं एक पाय उचलून पुन्हा ठेवला, नाक जरासं वर केलं, दाजींकडं बघितलं आणि उरलेला चहा एका दमात संपवला.

"ऊब हाय," ती म्हणाली. "चांगली ऊब हाय की रं. ट्रंक आना माजी."

दाजी खाली बसले आणि त्यांनी तळहातानं फळी चाचपली. खरंच कोमट होती. नुसती गार नव्हती असं नाही, चक्क कोमट. मी थर्मामीटर टेकवला तर बाहेरच्या हवेपेक्षा पारा सात अंशांनी वर. त्याच क्षणी माझ्यातल्या मास्तरानं विचारायला हवं होतं की बाबा, दुर्वाहक ऊब धरून ठेवतो, पण ऊब आणली कुणी? मी विचारलं नाही. माझी छाती फुगली होती. शालूनं घरी जाताना पहिल्यांदाच मला "तुमास्नी येतंय की काय तरी" असं म्हटलं, आणि त्या वाक्यावर मी आठ दिवस जगलो.

नवव्या दिवशी मधल्या सुट्टीत दाजी शाळेच्या फाटकात उभे दिसले. कपाळावर आता पाच टेंगळं.

"मास्तर," ते आवाज बारीक करून म्हणाले, "जमीन भाकरीवानी गरम झालीया. आन् वास येतोय."

"कसला वास?"

दाजींनी इकडंतिकडं बघितलं. उभ्या आयुष्यात तंबाखूलाही न शिवलेला माणूस तो. "भट्टीचा," ते म्हणाले.

मी तसाच सुट्टी टाकून निघालो. गाडीजवळ पोचलो तर खाली चार अनोळखी माणसं उकिडवी बसलेली. त्यातला एकजण उठून अदबीनं जवळ आला. त्याच्या हातात रिकामी बाटली होती.

"राम राम पावणं. हितं मिळतीया म्हनं?"

"काय?"

"आता काय नाव घ्याचं? वास तर चांगला हाय. धाड पडायच्या आत म्हटलं जाऊन येवं."

"ही जमीन आहे!" मी ओरडलो. "दुर्वाहक जमीन!"

"असू द्या की," तो समजुतीनं म्हणाला. "आमी कुनाला सांगनार न्हाय."

त्यांना हाकलून मी आत गेलो. आक्का बाजाराला गेली होती, हे एक बरं झालं. पायरीपासून आत मुंग्यांची दोन बोटं रुंद रांग लागलेली. मधल्या दोन फळ्या फुगून वर आलेल्या. वासानं माझं डोकं जड झालं. ओलं, गोड चिपाड गच्च कोंडलं की ते आंबतं आणि आंबताना तापतं. हा धडासुद्धा माझ्याच पुस्तकात आहे, फक्त पुढच्या इयत्तेच्या. आक्काच्या पायाला लागलेली ती ऊब माझ्या विज्ञानाची नव्हती, नासलेल्या उसाची होती.

दाजी ड्रायव्हरच्या सीटवर बसले. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. "आता ती जानार," ते म्हणाले. "नऊच दिवस झालं मास्तर. अकरा वरसं मी तिला खोलीत ठिवून तिच्याच म्हायारला जाऊन झोपत हुतो. मला वाटलं हुतं, आता गाडी हितंच हाय, म्या बी हितंच हाय. पर तिचं पाय गार पडत्यात त्याला मी काय करू?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला स्वतःचा इतका राग आला की मी थर्मामीटर खिडकीतून बाहेर फेकला. तो शाळेचा होता, हे नंतर आठवलं.

ठरलं असं की आक्का बाजारातून यायच्या आत फळ्या उपटायच्या, चिपाड बाहेर काढायचं आणि काहीतरी, काहीही, आत भरायचं. गुंडूला बोलावून आणलं. त्यानं आत पाऊल टाकलं, एकदा हुंगलं आणि माझ्याकडं बघून फक्त पहार उचलली. त्यानं "मी सांगितलं होतं" म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

पहिली फळी निघाली तेव्हा आतून वाफ आली. आम्ही तिघं गुडघ्यावर बसून काळं पडलेलं चिपाड ओरबाडत होतो, दाजी उठताबसता दांड्यावर डोकं आपटत होते. इतक्यात दारातून आवाज आला.

"किती येळ लावला रं?"

आक्का. हातात बाजाराची पिशवी. दाजी तिथल्या तिथं थिजले, हातात चिपाडाचा गोळा तसाच.

"आक्का, चूक माझी आहे," मी म्हणालो. "दाजींचा काही दोष नाही. ते ओलं होतं, आणि मला ठाऊक होतं."

"मलाबी ठावं हुतं," आक्का म्हणाली. "नेसरीच्या गुऱ्हाळावर ल्हानाची थोर झाले मी. त्या दिशी अर्ध्या कपालाच वास आलता."

गुंडूच्या हातातली पहार घसरून खणखणली.

"मग चहा संपवलास कशाला?" मी विचारलं. "राहिलीस कशाला?"

आक्का वर चढून आली. रिपांवर पाय देत देत दाजींच्या समोर गेली आणि बोटानं त्यांच्या कपाळाकडं दाखवलं. "ही टेंगळं बघितलीस का? चार बोटं माज्या पायासाटनं वर आनली आन् रोज सोताचं डोसकं फोडून घेत्यात. ह्यो मानूस हितं असं करतोय म्हनल्यावर मी काय म्हनून सांगू की वास येतोय? सांगिटलं असतं तर ह्येनी परत खिळं उपटलं असतं, आन् मला परत तुज्या दारात न्हेऊन सोडलं असतं. माजं म्हननं, आदी ऱ्हाऊन तर बघू."

दाजींना काय करावं कळेना. त्यांनी चिपाडाचा गोळा खिशात घातला.

"आता हुबं काय ऱ्हायलाय?" आक्का ओरडली. "पार पत्र्यापतोर काढा सगळं. तूस आठ दिवसामागंच सांगून ठिवलंय दादाला. दुपारच्या गाडीनं येतंय."

दादा म्हणजे आमचा थोरला चुलतभाऊ, नेसरीत भातशेती करतो. आणि खरंच, दुपारी नेसरीच्या गाडीच्या टपावरून भाताच्या तुसाची नऊ पोती उतरली. खडखडीत वाळलेलं तूस. बर्फाच्या कांड्या विकणाऱ्याच्या पेटीत हेच भरलेलं असतं, हे मी रोज शाळेबाहेर बघत होतो आणि मला सुचलं नव्हतं. आक्कानं त्यात चुना आणि सुका कडुनिंबाचा पाला मिसळला. पत्रा दोन दिवस उन्हावाऱ्यात उघडा ठेवला, तोवर बाहेर झाडाखाली चूल मांडली. मग एकेक सूप अलगद ओतत तिनं स्वतः खण भरले. दाजींनी सवयीनं पाय उचलला तशी ती कडाडली, "दाबू नगासा! तुसाला दम घिऊ द्या की!"

हवा म्हणजे हवाच. मी वीस वर्षं फळ्यावर लिहीत होतो ते हेच.

पुढच्या रविवारी पुन्हा चहा. आक्कानं सांगितलं की अट ती अट, उगंच कुणी म्हणायला नको. शालूनं कप दिला. आक्का नव्या फळ्यांवर अनवाणी उभी राहिली. दाजींना बघवेना, म्हणून ते आमच्याकडं पाठ करून ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. शालूनं माझा हात धरला होता, का ते मी विचारलं नाही.

आक्कानं चहा सावकाश संपवला. कप शालूकडं दिला.

"ऊन न्हाय," ती म्हणाली. "गारबी न्हाय. घरातल्या जमिनीवानी हाय."

दाजी मागं न वळता म्हणाले, "मग?"

आक्का वर बघत होती. घंटेची दोरी छताला धरून पुढपर्यंत गेलेली. ती ठेंगणी. पहिल्या चार दिवसांत तिनं दोनदा हात वर केला होता आणि दोरी चार बोटं लांब राहिली होती, हे दाजींनीच मला हसत हसत सांगितलं होतं. आता तिनं चवडे उंच केले, हात वर नेला आणि दोरी धरली.

एकदाच ओढली. टण्णकन घंटा वाजली.

दाजींचा उजवा पाय आपोआप पुढं गेला आणि पूर्वी जिथं ब्रेक होता तिथं, नव्या फळीवर, गच्च दाबला गेला. बराच वेळ त्यांनी तो उचलला नाही.